ढाण्याचा पाय

डॉक्टरबाई खुर्चीवर टेकल्या आणि लगेच उठल्या.

"दवाखान्याला कुलूप होतं," त्या म्हणाल्या, "आणि आतला कुत्रा नाहीसा झालाय!"

भाऊजींना ही बातमी काही फारशी वाईट वाटली नाही. कुत्रा दिसला की ते रस्ता बदलत. पण वहिनींनी चष्मा चढवला, म्हणजे काम घेतलंच. त्यांनी खासगी तपासाचं ऑफिस थाटल्यापासून हा धाकटा दीर त्यांच्या मागे सावलीसारखा हिंडत होता.

"बसा, आणि नीट सांगा," वहिनी म्हणाल्या.

"बसवतंय कुणाला! ढाण्या म्हणून कुत्रा आहे, सुतारांचा. मोटारीखाली मागचा पाय चिरडला. काल संध्याकाळी मीच हाड बसवून पट्टी बांधली, चांगली घट्ट. सकाळी बघते तर बोटं बर्फासारखी गार. रक्तच पोचत नाहीये. आज पाय काढला नाही, तर विष अंगभर पसरेल. बेशुद्धीचं औषध आणायला गेले आणि तेवढ्यात हे घडलं."

"दारं?"

"पुढचं कुलूप मीच लावलं, मीच उघडलं. दुसरी किल्ली कंपाउंडरकडे. मागच्या दाराला आतून कडी. वर आम्ही राहतो, आतूनच जिना आहे. पण वर बाबा एकटेच असतात. हात थरथरायला लागल्यापासून ते दवाखान्यात पाऊल टाकत नाहीत."

दवाखान्यात औषधांचा आणि ओल्या केसांचा वास कोंडला होता. मांजरं पिंजऱ्यांत येरझारा घालत होती. ढाण्याचा पिंजरा उघडा होता. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो प्लास्टिकचा शंकू आत पडला होता. त्याच्या नाड्या सोडलेल्या होत्या, कापलेल्या नव्हत्या. सलाइनची बाटली अर्धी भरलेली. वहिनींनी खालच्या सतरंजीवर तळहात फिरवला. ती कोरडी ठणठणीत होती. नळीवरचं चाक फिरवून घट्ट बंद केलेलं होतं. मुसकं खिळ्याला लटकत होतं.

कंपाउंडरच्या मनगटाला पट्टी होती.

"चावला?" भाऊजी दोन पावलं मागे सरले.

"सकाळी. मुसकं घातल्याशिवाय मी त्याच्याजवळ जातच नाही. जेवायला घरी गेलो होतो. माझ्यावर संशय घेऊ नका, बाई. मला तो नको असला, तरी असा मरायला नेऊन काय करू?"

पुढच्या पायरीवर सुतार बसला होता. आडदांड माणूस, पण डोळे सुजलेले.

"कापू देणार नाही म्हणून सकाळी तुम्हीच आरडाओरडा केलात ना?" भाऊजींनी दरडावलं.

"केला. मग देतो म्हटलं. जीव तरी वाचू दे. तेव्हापासून इथून हललो नाही. कुलूप लागल्यावर या दारातून मुंगीसुद्धा बाहेर पडलेली नाही. थोरल्या डॉक्टरांनी पिल्लू असताना जगवलं होतं त्याला. त्यांच्या हातातून दूध प्यायचा. आज ते खाली असते तर..."

वहिनी आणि भाऊजी जिना चढून वर गेले. थोरले डॉक्टर, म्हणजे डॉक्टरबाईंचे बाबा, खोलीतून बाहेर आले आणि त्यांनी मागे दार ओढून घेतलं. गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. तरी त्यांनी तिथेच खुर्च्या मांडल्या.

"मला काय विचारता? मी म्हातारा झोपलो होतो. सुताराच्या ओरडण्यावरून पाय कापणार एवढं कळलं." त्यांचा हात काठीवर थरथरत होता. "हल्ली लगेच कापायचं! बोटं गरम असताना कुणी पाय कापतं का? पण मला विचारतंय कोण!"

जिना उतरताना भाऊजी कुजबुजले, "सुतारच. पायरीवर बसून साळसूदपणाचा आव आणतोय."

"सगळ्यांना वर बोलवा, भाऊजी. वेळ नाही. सुतार मात्र खालीच राहू दे."

गच्चीवर डॉक्टरबाई उभ्याच राहिल्या.

"कुत्रा घराबाहेर गेलेलाच नाही," वहिनींनी सुरुवात केली. "मागे आतून कडी, पुढे सुतार."

"पण सुतार खोटं बोलत असेल तर?" भाऊजी म्हणाले.

"त्याच्याकडे किल्ली नाही. आणि त्याने घाईघाईने सुई उपसली असती, सलाइन गळून सतरंजी भिजली असती. नेणाऱ्याने आधी चाक बंद केलं. ते काम जाणकाराचं. कंपाउंडर जाणकार आहे, पण ढाण्या त्याला मुसक्याशिवाय जवळ येऊ देत नाही आणि मुसकं खिळ्यावर आहे. गळ्याशी हात घालून नाड्या सोडल्या, त्या ढाण्याच्या जिवलगाने. जाणकारही आणि जिवलगही. बाई, बोटं गार होती असं तुम्ही म्हणालात. तुमचे बाबा म्हणतात, गरम आहेत. वरून न हललेल्या माणसाला हे कसं कळलं?"

थोरले डॉक्टर काठी टेकत उठले. त्यांनी दार ढकललं. पलंगाशेजारी गोधडीवर ढाण्या पडला होता. पायावर नवी, सैलसर पट्टी होती. डॉक्टरबाई धावल्या. त्यांनी बोटं चाचपली, पुन्हा चाचपली.

"गरम आहेत," त्या पुटपुटल्या.

"पट्टी आवळली गेली होती, पोरी. हाड तू छान बसवलंस. कुत्र्याला सांभाळत जिना चढताना दहा वेळा टेकलो मी."

"मला सांगायचं ना, बाबा!"

"परवा दुसऱ्या एका जनावराबद्दल सांगायला गेलो, तर सगळ्यांदेखत म्हणालीस, तुमचे हात थांबत नाहीत, तुम्ही वर जा. म्हटलं, आधी पाय वाचतोय का बघू. गार पडला असता, तर मीच खाली आणला असता."

डॉक्टरबाईंनी तोंडावरून हात फिरवला आणि त्या जिन्याकडे वळल्या.

"कुठे निघालीस?"

"सुतारांना सांगायला. माझ्या पट्टीने पाय जात होता म्हणून."

"कशाला? पाय वाचतोय. बंधन सैल झालं, एवढंच सांग."

"नाही बाबा. सगळं सांगते."

त्या खाली गेल्या. भाऊजींनी कान टवकारले. मग जिना धडधडला. भाऊजी चटकन वहिनींच्या मागे सरकले. आता हा माणूस काय करील, सांगता येत नव्हतं.

सुतार आत आला. कुणाकडे न बघता फरशीवर बसला आणि ढाण्याचं डोकं त्याने मांडीवर घेतलं. किती तरी वेळ तो नुसताच त्याच्या कानामागे खाजवत राहिला. दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या, त्यांना आत यायचा धीर होत नव्हता.

"डॉक्टरबाई," मान वर न करता तो म्हणाला, "पुढची पट्टी कधी बांधाल?"