चमच्यानं चाखलेलं तूप

"परत द्या ती चटणी," मी त्या अनोळखी माणसाला म्हणाले. "शेंगा मागल्या सालच्या हायत."

औरादचा आठवडी बाजार भरला होता. येळवस, वेळ अमावस्येचा सण, होऊन चार दिवस झालेले. शेतात बसून भज्जी-आंबील खाल्लेले लोक पुन्हा कामाला लागले होते, आणि थंडीतलं ऊन पाठीला बरं वाटत होतं. तो माणूस किलोभर शेंगाची चटणी पिशवीत टाकून निघालाच होता. थांबला. आधी पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"चाखल्याबिगर कसं कळलं?"

"वासानं."

"इथनं?" आमच्यामध्ये चांगलं चार हात अंतर होतं.

"इथनं."

चटणीवाली मावशी माझ्यावर डोळे वटारायला लागली. मी त्याच चटणीची चिमूट तिच्या तळहातावर ठेवली, म्हणाले, "मावशी, तुम्हीच बघा." तिनं जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं, आणि मुकाट्यानं पिशवी परत घेऊन मागच्या डब्यातली ताजी चटणी भरून दिली.

मी पुढं निघाले तर तो मागं आला.

"अक्का, जरा थांबा की—"

"अक्का म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"अंजू."

"मी महांतेश." तो हसला. हसताना त्याचा एक दात किंचित तिरका दिसत होता, आणि त्याला ते ठाऊक नसावं, कारण तो तोंड भरून हसायचा.

माझं नाक काही देवाची देणगी नव्हती. सहा वर्षं मी कलबुर्गीच्या एका डाळ मिलमध्ये माल तपासायचं काम केलं होतं. ओंजळीत डाळ घ्यायची, हुंगायची, दाताखाली फोडायची आणि सांगायचं, ठेवा की परत पाठवा. आता नोकरी सोडून मी औरादला घरी परतले होते आणि बीदरमध्ये स्वतःचं दुकान उघडणार होते. आपल्या सीमेवरच्या गावांत जे हातानं बनतं, तेवढंच विकायचं. गूळ, डाळ, कडक भाकरी, तूप. प्रत्येक वस्तू मी स्वतः जाऊन, बनवणाऱ्याच्या घरी बसून निवडणार होते. दुकान शिवरात्रीच्या आत उघडायचं होतं, आणि ठरवलेल्या जीपवाल्यानं त्याच दिवशी सकाळी पाठ दाखवली होती.

बाजाराच्या टोकाला एक निळा टेम्पो उभा होता. महांतेश त्याला टेकला.

"टेम्पो तुमचा?" मी विचारलं.

"माझाच. बीदरजवळ कोळारला गोदामात कामाला हाय मी. मामाचं सामान पोचवायला आज रजा टाकली."

"रविवारी रिकामा असतो का?"

"टेम्पो असतो. मी असतो का, ते विचारा की."

"तुम्ही असता का?"

त्यानं क्षणभर विचार केल्यासारखं दाखवलं. "आत्तापसनं… असंन."

*

पहिल्या रविवारी आम्ही भालकीकडं निघालो. दोन्ही बाजूंना तुरी वाळून खडखडत होत्या, मधूनच उसाचा हिरवा पट्टा. महांतेश एका हातानं गाडी चालवायचा आणि दुसऱ्या हातानं बोलायचा. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन याच रस्त्यानं चालत जायचे. कुठल्या शेतात कळप बसला की पुढच्या साली ज्वारी किती जोरात यायची, ते त्याला पाठ होतं.

"आता मेंढरं न्हाईत?"

"न्हाईत. आता मी गोदामात पोती मोजायलोय." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "पण रस्ता तोच हाय."

गुरुशांतप्पांच्या गुऱ्हाळावर काहिलीतून वाफ उठत होती. ऐंशीच्या घरातले ते गृहस्थ फक्त कानडी बोलायचे. महांतेश मधे उभा राहून दोन्हीकडचं सांगायला लागला. मी विचारायचं, रस स्वच्छ करायला काय घालता? ते सांगायचे, भेंडीच्या देठांचं पाणी, पावडर नाही. मी खडा फोडून बघितला. आत तपकिरी, भरीव, जिभेवर विरघळल्यावर शेवटी किंचित खारट. असाच गूळ मला हवा होता.

निघताना गुरुशांतप्पांनी माझ्याकडं बघत महांतेशला हळूच कानडीत विचारलं, "बायको का?"

महांतेशनं तितक्याच हळू उत्तर दिलं, "अजून न्हाई, अप्पा."

मी हात जोडले आणि स्वच्छ कलबुर्गीच्या कानडीत म्हणाले, "येते, अप्पा. गूळ फार छान आहे. बाकी सगळं मला कळलं."

म्हातारा इतका हसला की त्याला चुलवणाजवळच्या बाजेवर बसावं लागलं. महांतेश टेम्पोत जाऊन बसला होता. त्याचे कान तांबडे झाले होते. दोन गावं मागं पडेपर्यंत तो नुसता रस्त्याकडं बघून गाडी चालवत राहिला.

"कानडी येतं म्हणून सांगितलं का न्हाईस?" शेवटी तो म्हणाला. तुम्हीचं तू झालेलं त्याच्या लक्षातही आलं नाही.

"तू विचारलं का न्हाईस?"

"औरादच्या लोकांना येत न्हाई, असं वाटलं."

"आणि 'अजून न्हाई' म्हणलास, ते?"

"ते…" त्यानं गिअर बदलला, बदलायची काही गरज नव्हती. "ते खरंच हाय की. अजून न्हाई."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुरीच्या शेतांकडं बघून एवढं हसू मला कधी आलं नव्हतं.

*

दुसऱ्या रविवारी मंगलकडं गेलो. ती कडक भाकरी करायची, पापडासारखी पातळ. पीठ थापताना तिच्या बांगड्यांचा आवाज थांबत नव्हता. महांतेशनं तिथं सहा भाकऱ्या खाल्ल्या आणि मला म्हणाला, "मी पण माल तपासायलोय." परत येताना कमलापूरला थांबून त्यानं तांबड्या केळ्यांचा घड घेतला. एक सोलून माझ्या तोंडापुढं धरलं, हातात न देता.

"गाडी चालव," मी म्हणाले. पण केळं घेतलं.

यादीतलं एकेक नाव ठरत गेलं. फक्त तूप राहिलं. तीन ठिकाणचं बघितलं होतं, तिन्ही मनाला येईनात. तिसऱ्या रविवारी निघताना महांतेश नेहमीसारखा बोलत नव्हता.

"एक जागा हाय," तो म्हणाला. "तुझ्या यादीत न्हाई. माझी अव्वा तूप करती."

"आधी कामून सांगितलं न्हाईस?"

"कामून सांगू? तू चांगलं म्हणलीस तरी मला खरं वाटलं नसतं, आणि वाईट म्हणलीस तर…" त्यानं वाक्य सोडून दिलं.

"मी खरंच सांगणार. तू असलास तरी."

"म्हणून तर भ्या वाटायलंय," तो म्हणाला आणि गाडी माळाच्या वाटेला वळवली.

त्याची आई तानुबाई म्हणजे उंच, ताठ बाई. कपाळावर ठसठशीत कुंकू. दारात चार म्हशी. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मीही तिला. दोघींनाही एकमेकींचं बघणं आवडलं असावं. तिनं पितळेच्या वाटीत तूप आणलं. रवाळ, पिवळसर, सुरेख. मी चमच्यानं थोडं घेतलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

आणि मला धूर लागला. गोवऱ्यांचा धूर, शेवटपर्यंत रेंगाळणारा.

महांतेश खांबाला टेकून उभा होता. त्याच्याकडं न बघता मी म्हणाले, "तूप अस्सल हाय, आत्या. पण धुराचा वास हाय. दुकानात न्हाई ठेवता येणार."

तानुबाईनं वाटी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "चाळीस वर्सं झाली, ह्याच चुलीवर लोणी कढवायलेय. कुणी वाटी खाली ठेवली न्हाई." आवाज चढला नव्हता. तिनं आम्हाला जेवू घातलं, निघताना एक डबा तूप माझ्या हातात ठेवला. "इकू नको. खा."

परतीच्या वाटेवर महांतेशनं एकदाच तोंड उघडलं. "खोटं बोलली असतीस तर अव्वाला लगीच कळलं असतं," तो म्हणाला. तो रागावला होता की नाही, ते मला ओळखता आलं नाही. एवढ्या वासांची पारख असून मला ते कळलं नाही.

*

पुढच्या रविवारी तो आला नाही. निरोप आला, गोदामात माल उतरायचा आहे, सुट्टी नाही. खरंही असेल. मी दुकानात फळ्या लावून घेतल्या, बरण्या पुसल्या, आणि पंधरा वेळा रस्त्याकडं बघितलं.

त्या आठवड्यात एका दुपारी भूक लागली म्हणून मी मंगलची भाकरी मोडली, वर उडदाचं वरण घातलं आणि तानुबाईचा डबा उघडला. पहिला घास घेतला… आणि हात थांबला.

धूर तिथंच होता. पण आता तो वरणात मिसळला होता, भाकरीच्या भाजक्या चवीला चिकटला होता. चुलीजवळ बसून जेवल्यासारखं लागत होतं. मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मग शिऱ्यात घालून बघितलं, तिथं नाही जमलं. म्हणजे मी चुकीचं सांगितलं नव्हतं, पण अर्धंच सांगितलं होतं. भाकरीवर खायचं तूप मी चमच्यानं चाखलं होतं. ही चूक सहा वर्षांत कुणी दाखवली नव्हती, आणि दाखवायची गरजही तानुबाईला वाटली नव्हती. तिनं फक्त डबा दिला होता.

मी डबा धुतला नाही. तो समोर ठेवून बसले, आणि दुसरीही एक गोष्ट स्वतःला सांगून टाकली. मग औरादला गेले, ती गोष्ट वडिलांना, भगवानराव अप्पांना, सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोळारच्या बसमध्ये बसले.

*

जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या फाटकातून माणसं बाहेर येत होती. कडुलिंबाखाली महांतेश डबा उघडत होता. मला बघून झाकण त्याच्या हातातून सुटलं.

"इथं?"

"इथं. बस, जेव. मी बोलते." मी त्याच्यासमोर दगडावर बसले. "तुझ्या अव्वाचं तूप मी घ्यायलेय. धुराचं तूप म्हणून वेगळ्या बरणीत, भाकरी-वरणासाठी. शिऱ्यासाठी न्हाई, तेही बरणीवर लिहिणार. त्या दिवशी मी ते चमच्यानं चाखलं, ती माझी चूक. हे मी त्यांना स्वतः जाऊन सांगणार हाय."

तो माझ्याकडं बघत राहिला. "हे… तुपासाठी बोलायलीस का माझ्यासाठी?"

"तुपासाठी. तुझ्यासाठीचं वेगळं हाय."

"काय?"

"सांगते की. गेल्या रविवारी तू आला न्हाईस, तर मला यादीतलं एक नाव धड आठवेना. मला तू पाहिजेस. रविवारपुरता न्हाई."

कडुलिंबाची दोन पिवळी पानं त्याच्या डब्यात पडली. त्यानं ती काढली नाहीत.

"मी रागावलो न्हवतो, अंजू," तो हळू म्हणाला. "खरंच माल उतरायचा होता. पण… खरं सांगू? सुट्टी मागितली पण न्हाई. अव्वाचं तूप तू तोंडावर न्हाई म्हणलीस. मला वाटलं, मी विचारलं आणि मलाबी असंच डोळे मिटून 'न्हाई' म्हणलीस, तर मी ती गाडी पुन्हा त्या रस्त्यानं कशी नेऊ?"

"मग विचारायचं तरी की."

"तूच सांगून टाकलंस. आता काय विचारू?" त्याचा तिरका दात दिसला. मग चेहरा गंभीर झाला. "तुमच्या घरी मात्र मीच येऊन बोलणार. तुमी पेठेतली व्यापारी, आमी मेंढरामागची धनगर माणसं. अवघड हाय ते."

"अप्पांना मी काल सांगितलंय."

"सांगितलंस? काय म्हणले?"

"आधी हातातला चहा संपवला. मग म्हणले, लोक बोलतील. मी म्हणलं, बोलू द्या, त्यांना दुसरं काय काम हाय? मग विचारलं, पोरगा मराठी बोलतो का. मी म्हणलं, मराठी, कानडी, दख्खनी बोलतो, तेलुगू समजतं."

"मग?"

"मग म्हणले, चार भाषांत तुझं ऐकून घेणारा गडी असंल तर बघू या एकदा."

महांतेश इतक्या मोठ्यानं हसला की शेजारच्या झाडाखाली जेवणारे वळून बघायला लागले. मग त्यानं आपल्या डब्यातली भाकरी अर्धी मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. आमची बोटं एकमेकांना लागली, आणि दोघांनीही घाई केली नाही.

फाटकावरचा भोंगा वाजला. माणसं उठून आत जायला लागली. तो उठला, हात झटकले, दोन पावलं गेला आणि परत वळला.

"रविवारी येतो औरादला."

"टेम्पो घेऊन?"

"न्हाई," तो म्हणाला. "अव्वाला घेऊन."