खंड्याचा निळा

"माझी फाईल परत पाठवणारा तो दीडशहाणा कोण?"

छापखान्याच्या दारातच तिने तोफ डागली, आणि तीही नेमकी समोर आलेल्या पहिल्याच माणसावर. त्याने हातातलं शाईचं फडकं खांद्यावर टाकलं.

"मीच तो. बसा ना."

तिच्या रागातली हवाच गेली. पण माघार घेईल तर ती कसली! "माझी फाईल आजवर कुठूनही परत आलेली नाही," तिने ठणकावलं.

"मग पहिला मान माझा," तो हसला. त्याच्या गालाला शाई लागली होती. त्याला पत्ताच नव्हता... आणि हिला मात्र राहून राहून तेवढंच दिसत होतं.

हिला लहानाची मोठी केली मावशीने. मावशीने आयुष्यभर पक्षी रंगवले, त्यांचं आता पुस्तक निघत होतं, आणि पानांची मांडणी भाचीची होती. मुखपृष्ठावर खंड्या. त्याचा निळा बिघडला तर मावशी चकार शब्द काढणार नाही, पुस्तक नुसतं मिटून ठेवेल. त्या मिटण्याचीच हिला धास्ती होती.

त्याने छापलेला नमुना स्क्रीनशेजारी धरला. स्क्रीनवरचा खंड्या झळाळत होता, कागदावरचा मात्र जांभळट, आजारी.

"स्क्रीन उजेडाने रंगवते, आम्ही शाईने. तुम्ही रंग स्क्रीनचेच ठेवलेत. आणि ही चोच बरोबर कापायच्या रेषेवर. पातं जरा सरकलं की खंड्या नकटा!"

चूक तर चूक. रडत बसणाऱ्यांतली ती नव्हतीच. "खुर्ची सोडा," ती म्हणाली.

तिने रंग शाईचे करून घेतले. चोच आत घेतली, मागचं पाणी कापायच्या रेषेबाहेर ओढलं, म्हणजे कडेला पांढरी फट नको. मग निळ्याला जांभळट करणारी मॅजेंटा शाई उतरवत नेली. नमुना काढायचा, नाक मुरडायचं, पुन्हा बसायचं... शेवटी कागदावर तो आला. मावशीचा निळा!

त्याने नमुना उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला.

"काय झालं?"

"काही नाही... मॅजेंटा इतकी खाली न्यायला मी धजावलो नसतो."

"मी धजावते," ती म्हणाली, आणि मग हळूच, "तुमच्या नजरेतून म्हणे काही सुटत नाही?"

"कधीच नाही."

"मग हे काय?"

तिचं बोट अर्पणपत्रिकेवर होतं. 'प्रिय मावशीस' मधला 'प्रि' फुटला होता. पानं जुळवताना त्याच्या मशीनने फाँट बदलला, आणि प एकीकडे, र दुसरीकडे. तो कानापर्यंत लाल झाला.

"जोडाक्षर तुटलं..."

"तोडलंत तुम्ही. जोडा आता."

"जोडतो की. जोडायला मी — केव्हाचा तयार आहे."

तिने न ऐकल्यासारखं केलं. पण ती त्याच्या प्रेमात पडली होती, आणि आपल्या निवडीचा तिला चक्क अभिमान वाटत होता.

पहिली प्रत घ्यायला मावशी स्वतः आली. चष्मा सावरत बराच वेळ मुखपृष्ठ बघत राहिली. भाचीचा जीव टांगणीला लागला.

"माझाच खंड्या," मावशी म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, "भाचीने केलाय माझ्या!"

"माहीत आहे. शेजारी बसून पाहिलंय मी."

मावशीने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "शाईचा वास काही सोसत नाही बाई," असं पुटपुटत ती प्रत कवटाळून बाहेर गेली. जन्म रंगांत काढलेली बाई!

"झालं मग," तो फडक्याशी चाळा करत म्हणाला. "पुस्तक छापून झालं. आता तुम्ही परत यावं असं... काही उरलंच नाही."

तिने ते फडकं त्याच्या हातून घेतलं, स्वच्छ टोक शोधलं आणि आजही त्याच्या गालाला लागलेली शाई पुसली.

"परत येत नाही ती माझी फाईल," ती म्हणाली. "मी येईन."