उजेड न धरणारी जागा

हिवाळ्यात त्या गावाचा दिवस म्हणजे उगवला म्हणेपर्यंत मावळलेला. म्हणून दरसाल ऐन थंडीत नदीकाठच्या जुन्या गोदामांत प्रकाशमहोत्सव भरायचा. कुणी झाडांवर दिव्यांचे मासे सोडायचं, कुणी कोरड्या दगडांवरून निळा उजेड पाण्यासारखा वाहवायचं, आणि लोक मफलर गुंडाळून माना वर करून हिंडायचे. त्यांना काय, झगमगाट दिसायचा. त्यामागे वायरी ओढून ओढून ज्यांची कंबर धरायची, त्यांत एक बाई होती. तिला सगळे वायरमनबाई म्हणत. पहिल्या दिवशी "बाई आणि वायरमन?" म्हणून हसणारे दुसऱ्या दिवशी तिच्याच मागे "बाई, आमचा फ्यूज गेलाय हो" करत फिरत.

यंदा तिच्या वाट्याला सावल्यांची भिंत आली होती. ती उभारणारा कलाकार बाहेरगावचा, दाढीवाला, कामापुरतं बोलणारा. त्याने गोदामात दाराएवढ्या फळ्या ओळीने उभ्या करून भिंत केली होती आणि तिला अंधारात चमकणारा रंग दिला होता, घड्याळाच्या काट्यांना असतो तसला. लोकांनी भिंतीला खेटून उभं राहायचं. समोरचा मोठा दिवा लख्खकन चमकून विझायचा. मग सगळी भिंत हिरवट चमकत राहायची आणि माणसं उभी होती तेवढीच जागा काळी. माणूस बाजूला झाला तरी सावली तिथेच. हळूहळू भिंत मंदावली की पुढच्या लोकांची पाळी. दिवा ठरलेल्या वेळाने आपला आपण लागायचा. बाईने दाराजवळ मेन स्विचपाशी बसून लक्ष ठेवायचं, एवढंच काम.

तिची एकुलती एक मुलगी शाळा सुटली की तिथेच यायची, कारण वडील बोटीवर नोकरीला आणि घरी बघायला कुणी नाही. एका जागी ठरायची नाही म्हणून मामाने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव चिकटलं. हा मामा म्हणजे बाईचा धाकटा भाऊ. टेम्पोतून महोत्सवाचं सामान आणायचा आणि उरलेल्या वेळात भाचीला लाडावून ठेवायचा. बाई तोंडाने पोरीला दिवसभर रागवायची, पण जीव सगळा तिच्यातच अडकलेला.

पहिल्या संध्याकाळी तोबा गर्दी होती. भिंगरी दर वेळी घुसून भिंतीपाशी उभी राहत होती. एकदा दिवा विझल्यावर बाईला दिसलं, लेकीच्या सावलीचा हात कुणीतरी धरलाय. असेल कुणीतरी आजी-आजोबा, म्हणून तिने सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दारं उघडायच्या आधी तिने दिवा तपासायला घेतला. गोदामात दोघीच. भिंगरी दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून, जीभ बाहेर काढून भिंतीपाशी उभी राहिली. दिवा चमकला, विझला. भिंगरी उडी मारून बाजूला झाली.

भिंतीवरच्या सावलीचे हात खिशात नव्हते. एक हात वर उचललेला होता आणि तो धरून शेजारी कुणीतरी उभं होतं. उंच, इतकं उंच की खांद्यांपाशीच फळी संपत होती. बोटं पोरीच्या पंजाला वेढून पार कोपरापर्यंत आलेली.

बाई दोन पावलं मागे सरली. पण हात कामाला सरावलेले. तिने दिव्याची काच पुसली, शेजारच्या गोदामातला उजेड येत असेल म्हणून दाराच्या फटीत काळं कापड कोंबलं, कालचा उजेड रंगात उरला असेल म्हणून भिंत पुरती काळी होऊ दिली. मग लेकीला मागे ओढून, भिंतीपाशी कुणीही नसताना, दिवा पुन्हा लावला.

दोघांच्या सावल्या भिंतीवर होत्याच. फक्त आता ती दोघं एका फळीने पुढे सरकली होती, भिंतीच्या दारापासून लांबच्या टोकाकडे.

"भिंगरे, तुझा हात कुणी धरला होता का गं?"

"हं," भिंगरी म्हणाली, जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. "गार असतो."

"कुणाचा?"

"मला काय माहीत? इथे थोडंच दिसतं? भिंतीवरच दिसतं ना."

बाईने दाढीवाल्याला गाठलं. म्हणाली, "साहेब, तुम्ही यात काही चित्रं भरली असतील तर आधीच सांगा. घाबरतात हो मुलं."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "बाई, एक दिवा आणि एक रंग. चित्र भरायचं कुठे?"

"मग मघाशी भिंतीवर..."

"माझ्या मुलांना मी आणत नाही इथे," एवढं बोलून तो उठून गेला. बाईला चीड आली, आणि चिडीखाली भीती.

त्या दिवसापासून भिंगरीला गोदाम बंद. शाळेतून मामा तिला घेई आणि चहाच्या टपरीवर बसवून ठेवी. भिंगरी रुसली, पण ऐकलं. बाई मात्र रोज बघत होती. रोज दारं उघडण्याआधी रिकाम्या भिंतीवर ती दोघं होती आणि रोज त्या टोकाच्या आणखी जवळ. काम सोडावं तर मधेच बदली माणूस कोण देणार? मुकादम म्हणाला, "बाई, तुम्हीसुद्धा? तुम्ही तर आमच्यातल्या वाघ." मग ती मनाला समजावत राहिली, की पोर इथे नाही ना, मग भिंतीला काय करायचंय ते करू दे.

शेवटच्या संध्याकाळी शाळेतल्या मुलांची रांग लागली होती. मामा टेम्पो बाजूला घ्यायला गेला, तेवढ्यात टपरीवरची भिंगरी नाहीशी झाली. मामाचा फोन आला, "ताई, ती तुझ्याकडे आली का गं?" आणि बाईने मान वर केली.

भिंतीच्या अगदी त्या टोकाला, शेवटच्या फळीपाशी, भिंगरी उभी होती. एक हात वर केलेला.

दिवा लागायला क्षण उरला होता. मेन स्विच बाईच्या कोपराशी होता.

आधी मेन, मग माणूस. हा धडा तिने स्वतः किती पोरांना शिकवला होता. शॉक लागलेल्याला हात लावायचा नाही, आधी वीज तोडायची.

ती धावली.

मुलं ढकलत, पायांत पाय अडकत धावली आणि लेकीचा तो वर केलेला हात तिने गच्च धरला. मिळाला. पोर मिळाली. बाईला रडूच फुटलं.

दिवा लख्खकन चमकला.

डोळ्यांपुढचे ठिपके गेल्यावर तिने भिंतीकडे पाहिलं. तिची स्वतःची सावली होती, वाकलेली, हात पुढे केलेली. तिच्या हातात एक लांब हात होता. तिच्या शेजारी ते उंच कुणीतरी उभं होतं.

आणि शेवटच्या फळीवर भिंगरीची छोटीशी सावली एकटीच होती. दोन्ही तळवे पुढे टेकवलेले, काचेला टेकवावेत तसे.

"आई, घरी चल ना," हातातली मुलगी म्हणाली. आवाज तिचाच. कानामागचा तीळ तिथेच. हात उबदार.

भिंत मंदावली, दिवा पुन्हा लागला. सगळ्या सावल्या पुसल्या गेल्या होत्या. उंच सावलीसुद्धा नव्हती. शेवटच्या फळीवरची मात्र तशीच होती.

फळ्या मोडीत निघणार होत्या. बाईने ती एक मागून घेतली. दाढीवाल्याने का म्हणून विचारलं नाही, फळी टेम्पोत चढवायला मात्र तो आला नाही. मामा म्हणाला, "ताई, रंग जळलाय तिथला, उजेड धरत नाही, एवढंच." बाईनेही तसंच म्हणून पाहिलं.

यंदा तिसरा हिवाळा. फळी मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आहे. रोज संध्याकाळी बाई दार लावून घेते, बॅटरीचा झोत टाकते, विझवते आणि त्या सावलीशी शाळेतलं काहीबाही बोलत बसते. कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचत नाही. बाहेर मुलगी शहाण्यासारखी अभ्यास करत असते. जवळ येऊन झोपते, तेव्हा बाई तिला थोपटते, आणि थोपटताना मागच्या खोलीच्या दाराकडे बघत राहते.

डॉक्टर म्हणतात, काही मुलं उशिरा वाढतात, घाबरायचं कारण नाही.

काल सकाळी बाईने फळीपाशी उभं राहून पाहिलं. त्या हिवाळ्यात तिच्या छातीशी येणारी सावली आता खांद्याला लागते. केसही वाढलेत. बाहेर येऊन तिने मुलीला शाळेसाठी बूट चढवले. त्या हिवाळ्यातलेच बूट, अजून अगदी मापात बसतात.