गुलाबभाऊंचा घरचा चेहरा

मी गडचांदूरची, सिमेंटच्या धुळीत लेन्स पुसत मोठी झालेली फोटोवाली. आमच्याकडची लग्नं म्हणजे गावजेवण, आणि स्टेजवर चढलेला प्रत्येक जण पोट आत ओढून, श्वास रोखून उभा. त्यामुळे वडशाच्या साक्षीचा फोन आला तेव्हा मला हसूच आलं. आरमोरीच्या खाली वैनगंगेत एक बेट आहे, तिथे कुणी तंबू टाकलेत, आणि तिला तिथेच लग्न करायचं होतं. मोजकी घरची माणसं, सकाळी डोंग्याने जायचं, सूर्य बुडायच्या आत परत. अट एकच.

"ताई, डॉक्युमेंटरी स्टाइल पाहिजे. एकही पोझ नको. जसं घडेल तसं."

मी हो म्हटलं. हो म्हणायला माझं काय जातं!

जानेवारीतली सकाळ. धुकं इतकं दाट की डोंगा चालवणारा झिंगूभाऊ मला दिसतच नव्हता, नुसती त्याची बिडी दिसत होती. ओल्या रेतीचा, कुजक्या गवताचा वास. मध्यावर वल्ह्याचा आवाज थांबला.

"बाई... इथी जोरात बोलू नका."

"का हो?" मी कुजबुजत विचारलं.

"काई नाई. मले डुलकी लागते, अन् मंग दचकतो."

बेटावर पोचले आणि कपाळाला हात लावला. कॅमेरा वळवला की माणसं थिजायची. साक्षीचे वडील संघपाल सर शाळेत विज्ञान शिकवतात, पण भात वाढताना माझी लेन्स दिसली आणि ते चमचा हवेत धरून तसेच उभे राहिले. ताटावरचा पाहुणा बिचारा वर बघत बसला.

त्या सगळ्यांवर ताण करणारा होता एक म्हातारा. पांढरा सदरा, गळ्यात मफलर, पाय अनवाणी. त्रिशरण चालू असताना सगळे हात जोडून खाली बघतायत, आणि हा मागच्या रांगेत एक पाय पुढे टाकून, कमरेवर हात ठेवून, हनुवटी वर. हार घालताना वधूवरांच्या मधून याची तिरपी नजर. पंगतीत तेच. शेवटी मी जवळ जाऊन दबक्या आवाजात म्हटलं, "आजोबा, कॅमेऱ्याकडे पाहू नका ना."

"चुकलं, बाई..." आवाज अगदीच बारीक होता. मग त्यांनी हळूच मान वळवली. "ही बाजू बरी येते..."

मी चडफडत निघून आले.

जेवणं उरकल्यावर साक्षीने फोटो पाहायला मागितले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन-चार फोटो पुढे सरकवले आणि तिचा हात थांबला. तिने कॅमेरा वडलांकडे दिला. सरांनी चष्मा पुसला, पाहिलं, परत पुसला.

"हे आमचे बाबा," ते म्हणाले. "गुलाबभाऊ. झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक करत होते. मागच्या थंडीत वारले."

"म्हणजे... भूत?"

सर चिडलेच. "पाहा बाई, आमी बौद्ध मानसं. भूत-गीत मानत नाई."

"मग हे काय आहे?"

"सांगतलं ना, आमचे बाबा होत!"

मी मागे वळून पाहिलं. तंबूच्या खांबाला टेकून ते उभे होते, हाताची घडी घालून, एक भुवई वर. सगळे तिकडे बघत होते आणि माझ्याशिवाय कुणालाही काहीच दिसत नव्हतं.

तोवर मीराबाई आल्या, साक्षीची आजी. नातीने एकेक फोटो मोठा करून त्यांच्या डोळ्यांजवळ धरला. मला वाटलं रडतील. त्या संतापल्या.

"मेले तरी नाटकच करून राह्यले! एका फोटोत तरी सरळ उभे राहावं ना मानसानं!" मग माझा हात धरला. "पोरी, घरच्या भिंतीवर त्यायचा एकच फोटो हाय. खोटी मिशी, रंगवलेल्या भिवया, डोये वटारलेले. वंदन कराले आलेले पाहुणे दचकतात. रोज तोच पाहते, अन् खरा चेहरा मले आता आठवून नाई राह्यला. पुसून चालला. मले त्यायचा घरचा चेहरा काढून दे."

भीती तर वाटतच होती. पण त्या हातापुढे नाही कसं म्हणणार? शिवाय मी स्वतःला डॉक्युमेंटरीवाली म्हणवते, मग मेलेल्या माणसाचा एक साधा फोटो निघू नये?

मी आचाऱ्याच्या डेगीमागे लपले. टेबलाखाली शिरले. कॅमेरा कमरेशी धरून दुसरीकडेच बघत खटका दाबला. प्रत्येक वेळी गुलाबभाऊ तयार. आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडे जवळ... नाटकानंतर तोंडावरचा रंग पुसायच्या खोबरेल तेलाचा वास आता माझ्या नाकात बसला होता. धुकं पुन्हा पाण्यावरून वर चढत होतं. झिंगूभाऊ काठावरून ओरडत होता, "चला जी, उजेड चालला!"

मी रडकुंडीला आले. "मीराबाई, नाही जमत हो. त्यांना कॅमेरा मागूनही दिसतो."

"कुठी हायेत?"

"तुमच्या उजव्या हाताला. खुर्चीजवळ."

त्या सावकाश तिकडे वळल्या. रिकाम्या हवेकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या,

"काऊन जी... जेवले का?"

गुलाबभाऊंचा कमरेवरचा हात खाली आला. हनुवटी उतरली. खांदे वाकले. रात्रभर जागून, दोन गावं पलीकडचा प्रयोग संपवून पहाटे दारात उभा राहिलेला एक दमलेला, भुकेला माणूस तिथे होता. त्यांनी मान हलवली. नाही.

माझे डोळे भरून आले होते, समोरचं नीट दिसतही नव्हतं. मी खटका दाबून धरला.

पुन्हा पाहिलं तर खुर्चीजवळ कुणी नव्हतं. मीराबाईंनी तो फोटो पाहिला, कॅमेरा छातीशी धरला आणि कितीतरी वेळ दिलाच नाही. "हेच होत," त्या म्हणाल्या. "असेच येत होते घरी." मग त्यांनी एक पान वाढून घेतलं आणि खुर्चीवर ठेवलं. विज्ञानवाल्या सरांनीच वर वरण वाढलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी स्टुडिओत मी तो फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला, भिंतीवर लावण्याजोगा करायला. गुलाबभाऊंच्या मागे नदी, नदीपलीकडे धुकं, आणि धुक्यात पलीकडच्या काठावर माणसं. ओळीने. कुणाचं लुगडं, कुणाचं धोतर, एकाची शाळेची खाकी चड्डी. पोट आत ओढून, श्वास रोखून, सगळी माझ्याकडे बघत उभी. पुढच्याचे केस नीट विंचरलेले होते, आणि तो कंगवा मागच्याला देत होता. फोटो देणारी बाई आली आहे, ही बातमी तिकडे पोचली होती, दुसरं काय!

खटका दाबून धरला होता, म्हणून लागोपाठचे बरेच फोटो निघाले आहेत. शेवटच्या फोटोत ती ओळ पाण्यात उतरली आहे, अलीकडे निघालेली.

आमच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोवाल्यांसाठी आरशाशेजारी एक कंगवा टांगलेला असतो. हल्ली सकाळी शटर उघडते तेव्हा तो ओला असतो, आणि त्याच्या दातांत रेती असते.