हिरव्या चिठ्ठ्यांची चोरी

"चोरी झालीय, पण पोलिसांकडे जायची लाज वाटते," ताई म्हणाल्या. "काय गेलं ते ऐकून हसतील ते."

दाजी हसले नाहीत. त्यांनी फक्त खुर्ची पुढे ओढली. दाजी खासगी तपासाची कामं घेत आणि बापू हा त्यांचा मेहुणा. खाली बापूचं चपलांचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की तो वर येऊन बसे. आपल्यावाचून दाजींचं पान हलत नाही, असं त्याला मनापासून वाटे.

ताई एक दुकान चालवत. लोक नको असलेलं सामान त्यांना आणून देत. ते विकून येईल ते सगळं सेवाघराला जाई. बऱ्या न होणाऱ्या आजाऱ्यांना तिथं शेवटपर्यंत सांभाळत.

"आधी दाढीचा मग गेला," ताई सांगू लागल्या. "मग हातातली काठी, मग बुटांचा जोड. काल तर शोकेसमधल्या पुतळ्याच्या अंगावरचा कोट. तपकिरी, कोपरं झिजलेला. शेजारी चांदीची फ्रेम होती, तिला हातही लावला नाही."

"पुतळा उघडाच ठेवला?"

"नाही ना! दुसरं जाकीट घालून, बटणं लावून ठेवला. आणि खरी गंमत पुढेच आहे. काठी गेली, तर दुसऱ्या दिवशी आलेल्या सामानात कोरी काठी निघाली. मगाच्या जागी नवा मग, बुटांच्या जागी नवे बूट. आज सकाळी नवा कोट, लेबलसकट."

"तोट्यातला धंदा करणारा चोर पहिल्यांदाच ऐकतोय," बापू म्हणाला.

"मग तुमचं बिघडलं काय?" दाजींनी विचारलं.

ताईंनी मान खाली घातली. "आमचा ड्रायव्हर तुरुंगात जाऊन आलेला आहे. मीच त्याला कामावर घेतलं. आता सेवाघराच्या मंडळातले लोक म्हणतात, त्याला काढा. मी त्यांच्याशी भांडते खरी. पण तो पाठमोरा असला की माझी नजर त्याच्या पिशवीकडे जाते. माझी मलाच शिसारी येते हो."

*

दुकान लांबट होतं. पुढे काउंटर, भिंतीला कपड्यांचे दांडे, पुस्तकांची मांडणी, कपबशा. पडद्यामागच्या खोलीत सामान निवडायचं टेबल, शिलाई मशीन आणि वाफेची इस्त्री. पडद्याला लागून असलेल्या शोकेसचं दार त्याच खोलीत उघडत होतं. पुढून कोणी आलं की दारावरची घंटी वाजे, आणि पडद्याआड गिऱ्हाइकाला मज्जाव होता.

"म्हणजे घरातलंच माणूस," बापू दाजींच्या कानाशी लागला.

प्रत्येक वस्तूला दोऱ्याने रंगीत चिठ्ठी बांधलेली होती.

"आठवड्याला एक रंग," ताईंनी सांगितलं. "वस्तू आली त्या आठवड्याचा. फार दिवस पडून राहिली की कळतं, मग भाव उतरवतो, आणि तोच रंग पुन्हा यायच्या आत काढून टाकतो."

"गेलेल्या वस्तूंचा रंग कोणता होता?"

ताई आठवू लागल्या. "कोटाची हिरवी. मगाचीही हिरवीच. काठी, बूट... अहो, सगळ्याच हिरव्या होत्या!"

काउंटरवर मास्तर बसत. निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. बोलायला माणूस मिळालं की त्यांची कळी खुले; प्रत्येक गिऱ्हाइकाला ते 'कुणासाठी घेता?' असं विचारत.

"मी इथून हलतो कुठे? हलतो ते रविवारी. सेवाघरात जाऊन पेपर वाचून दाखवतो सगळ्यांना. तिथं एरवी माणसं कमी होत जातात, पण या खेपेला नवल झालं. आपल्या शिवणाऱ्या काकू आहेत ना, त्यांचे सासरे. डॉक्टरांनी हात टेकले होते. निरोपाची भाषा झाली होती. आणि आता म्हातारबुवा उठून बसतात, परिचारिकेला दटावतात, दाढी माझी मी करणार म्हणून! आता त्यांना घरी सोडतायत."

"वा," म्हणून दाजी पुढे सरकले. बापूला वाटलं, दाजींनी उगाच वेळ घालवला.

ड्रायव्हर मागच्या दाराशी पोती उतरवत होता. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा.

"दाराबाहेरच्या पेटीत लोक सामान टाकतात. किल्ली माझ्याकडे. मी पेटी रिकामी करतो, पोती भरतो, आत आणून ठेवतो."

"नवा कोट पेटीतच होता?"

"नाही. काठी नाही, मग नाही, बूट नाही. यातलं काहीच माझ्या हातून आलेलं नाही. मी भरताना प्रत्येक वस्तू बघतो. फुटकं असलं तर हाताला लागतं."

काकू मशीनवर वाकून एका फ्रॉकला अस्तर लावत होत्या. केस पिकलेले, डोळ्यांखाली काळं.

"नव्या वस्तू कुठे सापडल्या, काकू?"

"त्याने आणलेल्या पोत्यात," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मीच निवडते ना सगळं, चिठ्ठ्याही मीच बांधते."

"आणि चोरीला गेलेल्या? त्या एकाच पिशवीतून आल्या होत्या का?"

"छे. वेगवेगळ्या वेळी आल्या. दोन-दोन महिन्यांच्या अंतराने."

"तुम्ही दमलेल्या दिसता."

"घरी खोली आवरतेय. मामंजी येणार आहेत."

बापूच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. पोत्यात सापडल्या म्हणतात काकू, पोत्यात नव्हत्या म्हणतो ड्रायव्हर. दोघांपैकी एक खोटं बोलतोय, आणि त्यातला एक तुरुंगात जाऊन आलाय. आणखी काय पाहिजे? तो दुकानाच्या मध्यभागी आला. दोन गिऱ्हाइकं कपडे बघत होती, त्यांचंही त्याला भान राहिलं नाही.

"ताई, शोधायला लांब जायला नको. चोर तुमच्या मागच्या दारात उभा आहे. एकदा लागलेली सवय सुटते थोडीच!"

ड्रायव्हरने हातातलं पोतं हळूच खाली ठेवलं, हात पुसले, आणि बाहेर जाऊन गाडीत बसला. काकूंच्या हातून कात्री पडली.

"बापू," दाजी म्हणाले, "तू आता दुकान उघड जा."

ते एवढंच म्हणाले. रागावले असते तर बापूला बरं वाटलं असतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून ताईंनी सगळ्यांना मागच्या खोलीत बसवलं. ड्रायव्हर दाराशीच उभा राहिला. बापूला कुठे बघावं कळेना.

दाजी टेबलाला टेकले.

"मी एकाच प्रश्नापासून सुरुवात केली. जी वस्तू इथं मातीमोल भावाने मिळते, ती कोणी चोरेल कशाला? ज्याला काउंटरवर येऊन ती मागता येत नाही, तोच. पैशाची अडचण नव्हती, चोर तर नवीकोरी वस्तू आणून ठेवत होता. अडचण होती ती 'कुणासाठी घेता?' या प्रश्नाची. मास्तर तो सगळ्यांना विचारतात."

"सवयच आहे माझी," मास्तर ओशाळले.

"आता वस्तू बघा. मग, काठी, बूट, कोट. हजार वस्तूंतून नेमक्या याच. सगळ्यांना हिरवी चिठ्ठी, म्हणजे सगळ्या एकाच आठवड्यात आलेल्या. एका म्हाताऱ्या माणसाचं कपाटच जणू कोणीतरी आणून इथं रिकामं केलं होतं, आणि आता ते पुन्हा भरत होतं. असं कधी होतं? माणूस परत येणार नाही असं धरून चाललो, आणि तो परत यायला निघाला, तर."

शिलाई मशीनवर ठेवलेले काकूंचे हात हलले नाहीत.

"पण पोत्यांचं काय?" बापूने क्षीण आवाजात विचारलं.

"तिथंच तू घसरलास. ड्रायव्हर चोर असता, तर त्याला केवढी आयती सबब होती! 'होय साहेब, पेटीत होत्या, कुणी टाकल्या कोण जाणे,' एवढं म्हणाला असता तरी सुटला असता. उलट त्याने नव्या वस्तू बाहेरून आल्याच नाहीत असं सांगितलं, आणि संशय या खोलीत आणून सोडला, जिथं तो स्वतःही वावरतो. असं खरं बोलणारा माणूसच बोलतो. आणि जुन्या वस्तू दोन-दोन महिन्यांच्या अंतराने आल्या असं आपल्याला सांगण्यात आलं. चिठ्ठ्यांचा रंग ते खोटं पाडतो. त्या चिठ्ठ्या बांधणाऱ्या हातांना हे ठाऊक असायला हवं होतं. पण घाबरलेल्या माणसाला सगळंच सुचत नाही."

काकू उठल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"डॉक्टर म्हणाले होते, चार दिवस. घरात मी एकटी. त्यांचा कोट खुंटीला, काठी दाराशी. येता-जाता दिसायचं आणि भरून यायचं. एके दिवशी सगळं पोत्यात भरलं आणि इथं आणलं, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. ते जिवंत होते हो! श्वास चालू होता त्यांचा, आणि मी त्यांच्या कपड्यांना चिठ्ठ्या बांधत होते. मग ते उठून बसले. मला म्हणाले, सूनबाई, कोट काढून ठेव, घरी जाताना घालीन. विकत घ्यायला गेले असते, तर मास्तरांनी विचारलं असतं. काय सांगितलं असतं मी?"

त्या ड्रायव्हरकडे वळल्या. "आणि तुला चोर म्हटलं, तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पोत्याचं खोटं मीच बोलले होते. त्याची माफी मागायलाही तोंड नाही मला."

"त्यांना घरी कोण आणणार आहे?" ड्रायव्हरने विचारलं.

"रिक्षा बघीन."

"गाडी आहे की. मी आणतो."

दाजींनी दांड्यावरून एक चौकटीचा मफलर काढला. हिरव्या चिठ्ठीचा. चिठ्ठी तोडून त्यांनी तो काकूंच्या हातात दिला. "एवढा राहिला होता. आणि काकू, कपाट भरलंत म्हणून गोष्ट मिटत नाही. त्यांना सांगा."

*

म्हातारबुवांना उचलून वर न्यायला दोन माणसं लागणार होती, म्हणून दाजींनी बापूला मुद्दाम पाठवलं. खोलीत नेऊन बसवल्यावर बुवांनी कपाट उघडायला लावलं. सगळं जागच्या जागी होतं. काकू त्यांच्या समोर जमिनीवर बसल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. बापूला तिथून निघून जावंसं वाटलं, पण दार बुवांच्या खुर्चीमागे होतं.

बुवा म्हणाले, "पोतं भरताना रडलीस?"

"खूप."

"मग ठीक आहे. नुसतं आवरून टाकलं असतंस, तर वाईट वाटलं असतं मला." थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता चहा टाक. या दोघांनाही दे."

खाली गाडीशी आल्यावर बापूने ड्रायव्हरची बाही धरली. बरेच शब्द जुळवून ठेवले होते, त्यातला एकही धड आठवेना. "माझं चुकलं," तो कसाबसा म्हणाला. "फार चुकलं. मला माफ करा."

ड्रायव्हरने गाडीचं दार उघडलं, पण तो बसला नाही.

"चोर म्हणालात ते भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर," तो शांतपणे म्हणाला. "माफी मात्र इथं, गल्लीत, कुणी नसताना."

बापू शेजारच्या सीटवर बसला.

गाडी दुकानाशी थांबली तेव्हा आत गर्दी होती. मास्तर पुस्तकं बांधून देत होते, ताई कुणाला तरी स्वेटर दाखवत होत्या. बापूने दार ढकललं. घंटी वाजली तशा सगळ्यांच्या माना वळल्या. मागून ड्रायव्हरही आत येऊन उभा राहिला.

"जरा ऐका सगळ्यांनी," बापू म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना.