उसना विस्तव

कंदील थोडा इकडं सरकवा. वात मोठी करू नका, एवढा उजेड पुरतो.

त्या दिवशी मी पाटणला गेलो होतो ते बॅटरीचं पाणी आणायला. डिस्टिल वॉटरचा कॅन खांद्यावर घेऊन आधी एसटीनं, मग पायी, उन्हं कलताना कोयनेच्या जलाशयावर परत आलो. एकाहत्तरची लढाई आटोपून मी फौजेच्या सिग्नल्समधून हवालदार म्हणून सुटलो होतो, आणि सरकारच्या एका खात्यानं मला भलतीच नोकरी दिली होती. त्यांनी एका शिडाच्या होडीवर मागच्या अंगाला पंखा बसवला होता. वाऱ्यानं पंखा फिरायचा, पंख्यावर डायनामो, डायनामोवर दोन बॅटऱ्या आणि बॅटऱ्यांवर होडीच्या पुढचा सर्चलाइट. वारा किती वीज देतो आणि त्यातली किती साठते, यावर नजर ठेवायची, हे माझं काम. सरहद्दीवर रेडिओच्या बॅटऱ्या राखलेल्या माणसाला ही नोकरी म्हणजे निव्वळ आराम होता.

नजर ठेवायची ती दोन गोष्टींवर. एक अँमिटर. त्याचा काटा मधे उभा असतो. उजवीकडे झुकला की वीज आत येते, डावीकडे झुकला की बाहेर चालली. दुसरा हायड्रोमीटर. काचेच्या नळीनं बॅटरीतलं ॲसिड ओढायचं. आतलं बोंडूक, म्हणजे तरंगता काचेचा गोळा, वर आलं तर बॅटरी भरलेली, बुडालं तर उतरलेली. माणसापेक्षा मला या दोघांचा भरवसा जास्त वाटायचा.

होडी चालवायला धुळामामा होता. त्याचं तळवट गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा बाकीचे लोक खाली आष्ट्याकडं वसायला गेले. मामा आणि त्याची बायको बनुमामी मात्र वरच्या उतारावर झोपडं बांधून राहिली होती. लेक शालू पहिल्या बाळंतपणाला आलेली. त्या काठाला ना रस्ता, ना डॉक्टर. अडलीनडली तर होडीनं पलीकडं न्यायचं, तिथून जीपनं दवाखाना. आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या गावातली वठलेली झाडं पाण्याच्या जेमतेम खाली उभी असत. दिवस मावळल्यावर सर्चलाइटशिवाय निघालं तर होडी फाटलीच म्हणून समजा.

म्हणून मामा रोज विचारायचा, "हवालदार, बॅटरी भरलीया न्हवं?"

"टम्म भरलीय, मामा. काळजी सोडा."

त्या संध्याकाळी बॅटऱ्यांत पाणी भरून आम्ही होडी बुडालेल्या तळवटावरून काठाकडं आणत होतो. वारा पडला होता. शीड लोंबकळत होतं, पंखा गप्प. मी सर्चलाइट लावून बघितला आणि सवयीनं उजेडाला हात जोडले. एवढ्यात पाण्यावरून बाईमाणसाचा आवाज आला. हलका, दमलेला.

"आवं... इस्तू हाय का थोडा?"

काठावरची कुणी असेल, पाण्यावरून आवाज लांब येतो, असं मी मनाला सांगितलं. पण मामाचं वल्हं हातातच थांबलं.

"अंबूवैनी हाय," तो म्हणाला.

अंबूबाई त्यांची शेजारीण. गाव उठलं तेव्हा जुन्या चुलीतला विस्तव नव्या चुलीत न्यायचा म्हणून ती शेणीचा तुकडा घेऊन एकटीच माघारी फिरली होती. त्या रात्री पाणी चढलं. ती काही वर आली नाही.

तिन्हीसांजेला घरातला विस्तव दुसऱ्याला देत नाहीत, हे आमच्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. मामा तर या बाबतीत फार कडक. पण त्याचा जीव कळवळला असावा. तो पाण्याकडं बघून म्हणाला, "न्या की, वैनी. ह्यो काय चुलीतला इस्तू न्हवं, लायटीचा उजेड हाय. ह्याला कसली आलीया तिन्हीसांज?"

दिवा एकदम मंद झाला. ओल्या शेणीच्या धुराचा वास आला आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून बॅटऱ्या उतरू लागल्या. दिवसभर जो काही वारा असेल त्यावर पंखा फिरायचा, काटा उजवीकडं असायचा. दिवेलागण झाली की तोच काटा डावीकडं कलायचा. दिवा बंद, तरी. मी तारा तपासल्या, बॅटऱ्यांची तोंडं घासून पुसून काढली. शेवटी सगळ्या तारा सोडवून ठेवल्या आणि अँमिटरपुढं बसून राहिलो. सूर्य डोंगराआड गेला आणि काटा डावीकडं पडला. तारेचा तुकडासुद्धा जोडलेला नव्हता. मी घाबरलो, हे सरळ सांगतो. तोफांखाली बसलो तेव्हा इतका घाबरलो नव्हतो.

सकाळी बॅटरीच्या पेटीवर शेणीचा तुकडा असायचा. पाण्यानं निथळणारा, पण न विरघळलेला. मामा तो उचलायचा आणि पाण्यात सोडायचा. आता तो मला बॅटरीचं विचारत नव्हता. मी नळीतून ॲसिड ओढलं की बोंडूक बुडताना तो बघायचा आणि झोपडीकडं तोंड फिरवायचा.

शालूला कळा लागल्या त्या अशाच एका दुपारी. बनुमामी स्वतः सुईण. तिनं बराच वेळ खटपट केली, मग ऊन उतरताना बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "मूल आडवं हाय. न्यायाच पायजे."

आम्ही शालूला घोंगडीत उचलून होडीत ठेवलं. वाऱ्याचा पत्ता नव्हता. मामा जीव खाऊन वल्हं मारत होता. तळवटावर येईतो अंधारून आलं. मी बटण दाबलं. सर्चलाइटची तार नुसती लाल झाली आणि विझली. होडीच्या तळाला काहीतरी खरवडून गेलं. मामानं वल्हं उचललं. पुढं जाणं शक्य नव्हतं, मागंही नव्हतं.

मूल तिथंच झालं. मामीनं आतून फिरवून ते कसंबसं सोडवलं. मुलगी होती. रडली नाही. मामी तिला उलटी धरून थोपटत राहिली, पाठ चोळत राहिली.

"गार हाय... लय गार हाय वो," ती म्हणाली.

शालू विचारत होती, "आये, रडत का न्हाई?"

मामा होडीच्या काठावर ओणवा झाला. पाण्यात तोंड बुडेल इतका.

"अंबूवैनी... उसना नेल्याला इस्तू परत द्या. माझ्या लेकीचं लेकरू हाय... आवं, द्या की."

पंखा हलला नाही. वाऱ्याची झुळूक नव्हती. पण माझ्यासमोर काटा थरथरला, उभा राहिला आणि उजवीकडं सरकत पार टोकाला जाऊन टेकला. धुराचा वास दाट झाला. सर्चलाइट असा पेटला की डोळे दिपले. आणि त्याच क्षणी पोरगी रडली.

आम्ही सगळे रडलो. लाज कसली त्यात? त्या उजेडात झाडांतून वाट काढून आम्ही पलीकडं पोचलो. शालू वाचली, मूल वाचलं. पहाटे मी बॅटरीत नळी घातली. बोंडूक इतकं वर कधीच आलं नव्हतं. मी हे मोठ्या खुशीत सांगितलं, तर बनुमामीचा चेहरा उतरला.

"नेला त्येच्यापरास जास्ती दिला तिनं," नातीला पदराखाली ओढत ती म्हणाली. "आता वरचा इस्तू मागाय यील."

महिन्याभरात मामा-मामी काठ सोडून आष्ट्याला गाववाल्यांच्यात जाऊन राहिली. शालूही लेकीसह तिथंच राहिली. तिथं पाणी म्हणजे विहिरीचं आणि उसाच्या पाटाचं. खात्यानंही प्रयोग गुंडाळला. अँमिटर तेवढा मी मागून घेतला.

पोरगी दोन वर्षांची झाली तेव्हा मी भेटायला गेलो. गुटगुटीत पोर. मांडीवर घेतली तर अंग कोमट, गोड. तिला खेळायला अँमिटर दिला. उन्हं गेली तसा मामा उठून उंबऱ्याशी बसला. मामी दारात उभी राहिली. हे त्यांचं रोजचं असावं. बाहेर ऊस सळसळला आणि मी तो आवाज ओळखला.

"आवं... इस्तू हाय का थोडा?"

"न्हाई!" म्हणायला मामीनं तोंड उघडलं. पण तिच्या आधी माझ्या मांडीवरून पोरगीच बोलली. तिला तोवर चार शब्दही धड येत नव्हते, असं शालूनं मला नंतर सांगितलं. पोर दाराकडं बघून हसली आणि स्पष्ट म्हणाली,

"न्या की."

तिच्या मुठीत अँमिटर होता. त्याला एकही तार नव्हती. काटा सावकाश डावीकडं झुकू लागला, आणि माझ्या हातातला तिचा हात गार पडत चालला.