मुताचं कुंपण

आमच्या ओढ्याचे शेवटचे मासे डोंगरावरच्या हिरव्या तळ्यात नेऊन सोडायचे, एवढ्याचसाठी आम्ही निघालो होतो. वणव्यानंतरच्या पावसाने सांग्रे दे क्रिस्तो डोंगररांगेच्या उतारांवरची सगळी राख ओढ्यात आणून ओतली, आणि गळ्याखाली लाल रेघ असलेले आमचे मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. झऱ्याच्या एका खळग्यात थोडे उरले होते. ते माझ्या भाचीने, लेओनोरने, पाटाकडेच्या डबक्यात जगवले. यंदा ते डबकंही तापायला लागलं. आता थंड पाण्यात नेले नाहीत, तर आमच्या ओढ्याचा मासा जगातून संपला!

बेर्ता या आमच्या खेचराच्या दोन्ही अंगांना दुधाचे दोन कॅन बांधले होते. पुढे माझा धाकटा भाऊ ओनोफ्रे, मागे त्याची ही लेक आणि मी. मासे वाहून नेण्याचा नियम एकच: थांबायचं नाही. खेचर चाललं की पाणी हिंदकळतं, हिंदकळलं की त्यात हवा मिसळते. खेचर थांबलं की मासे गुदमरू लागतात. मुक्काम करायचा, तर कॅनच्या तोंडांना जाळी बांधून ते वाहत्या ओढ्यात आडवे ठेवायचे.

संध्याकाळी आम्ही राष्ट्रीय जंगलातल्या मुक्कामाच्या माळावर पोचलो. एके काळी तिथे नुसती सूचिपर्णी झाडं, गवत आणि वारा असायचा. आता नाकाला आधी कळलं. पाण्यापासून लांब बसा, अशी नवी कोरी पाटी लावली होती. पाटीच्या मागेच कुणीतरी बसून गेलं होतं!

"ताई, पाय जपून टाक," ओनोफ्रे म्हणाला.

"जपून टाकू कुठे? जागा तर दाखव."

चुलीसाठी दगड उचलावा, तर खाली चुरगळलेल्या कागदाचा बोळा. दुसरा उचलावा, तर बोळा आणि माश्या. जुन्या चुलीत अर्धवट जळलेला मोजा आणि शिळ्या मांसाचा डबा होता. त्यात अळ्या वळवळत होत्या. मी खायला तोर्तियाची पोळी काढली आणि तशीच परत गुंडाळून ठेवली.

तेवढ्यात ओढ्यात कॅन ठेवत असलेली लेओनोर ओरडली. ओढ्यातून फेस वाहत येत होता! थोडं वर तीन तंबू होते, आणि एक गोरा गडी डोक्याला साबण फासून पाण्यात उभा होता.

"अहो! आमचे मासे आहेत खाली!" मी ओरडले.

"काळजी नको, बाई. हा साबण जंगलात आपोआप विरघळतो," तो हसून म्हणाला.

"मग आधी तुम्हीच विरघळा की!"

आम्ही कॅन उचलून त्याच्याही वरच्या अंगाला नेले आणि तिथेच तंबू ठोकला. ओनोफ्रेने अख्खी किटली कॉफी ढोसली, विजार सैल केली आणि तंबूभोवती, खोगिराभोवती, थेट ओढ्याच्या काठापर्यंत फिरू लागला.

"बाबा! शी!" लेओनोरने तोंड फिरवलं.

"शी काय शी? आपल्या घरात सगळे असंच करत आले. याला मुताचं कुंपण म्हणतात. अस्वल ओलांडत नाही!"

"अस्वलाला नाक आहे ना, म्हणून," मी म्हटलं. "आम्हालाही आहे रे."

अस्वल आलं नाही, हे खरं. पण उजाडताना मला चाटण्याचा आवाज आला. चप्, चप्, चप्! तंबूचा पडदा सारला, तर वळणदार शिंगांच्या रानमेंढ्यांचा कळपच्या कळप! त्या उंचीवर मीठ कुठेच मिळत नाही, आणि माझ्या भावाने ते मोफत शिंपडून ठेवलं होतं. खुरांनी माती उकरून त्या कुंपण चाटत होत्या. एकीने वर पाहिलं, पुढे येऊन आपली लांब जीभ माझ्या गालावरून ओठांपर्यंत फिरवली. ती जीभ कुठून आली होती, ते मला ठाऊक होतं!

मी वाळूने तोंड घासत होते, तेव्हा ओनोफ्रे किंचाळला, "तंग!"

खोगिराचा तंग, पोटाखालून आवळायचा पट्टा, बेर्ताच्या घामाने वर्षानुवर्षं खारवलेला. एका मेंढीने तो चघळून चघळून नुसते धागे ठेवले होते, लाळेने बुळबुळीत झालेले. ओनोफ्रेने त्याला दोराची गाठ मारली. मासे जिवंत होते, आणि थांबायचं नव्हतं.

झाडं खुजी होत गेली आणि संपली. पुढे कड्याच्या पोटातून जाणारी, एका खेचरापुरती वाट. उजवीकडे भिंत, डावीकडे खोल दरी. बेर्ताचा दोर धरून आता मी पुढे होते. बेर्ताने एका उंच दगडावर पाय टाकला.

तट्! तंग तुटला!

खोगीर फिरलं. डावीकडचा कॅन निसटला आणि दरीत गेला. त्याचा धाडधाड आवाज कितीतरी वेळ येत राहिला. आता उजवीकडचा कॅन खाली ओढू लागला. बेर्ता डगमगली. तिचा मागचा पाय कडेवरून घसरला!

"बाबा, खालून धरा!"

ओनोफ्रे भिंत आणि खेचर यांच्यात घुसला आणि कॅनखाली खांदा दिला. मी बेर्ताचं डोकं छातीशी दाबलं. लेओनोरने दोर कापले. खोगीर दरीत कोसळलं. बेर्ता थरथरत उभी राहिली. कॅन ओनोफ्रेच्या खांद्यावर होता. भरलेला!

खाली खडकांवर काहीतरी चमकत होतं, तडफडत होतं. मग ते थांबलं.

ओनोफ्रे मटकन खाली बसला. "माझ्या मुतामुळे," तो पुटपुटला. "माझ्या घाणेरड्या मुतामुळे, पोरी."

लेओनोरचे डोळे भरले होते, पण तिने कॅनच्या कानांतून आपल्या पाठीवरच्या तंबूची काठी घातली. "रडायचं ते घरी, बाबा. उठा. थांबायचं नाही!"

आळीपाळीने काठी खांद्यावर घेत, कॅन झुलवत आम्ही हिरव्या तळ्यावर पोचलो. काठाला तेलकट साय होती. तिच्यात माशांची आतडी, बाळाचा भरलेला लंगोट आणि एक फुगलेला मेलेला उंदीर हिंदकळत होता. तळ्याला पाणी पुरवणाऱ्या झऱ्याच्या तोंडाशीच कागदाचे बोळे पडले होते. लेओनोरने बोट बुडवून हुंगलं आणि ओकारी दाबली.

"इथे नाही."

"अगं, माझे खांदे निखळले! तू वचन हिरव्या तळ्याचं दिलं होतंस," ओनोफ्रे म्हणाला.

"वचन माशांना दिलंय, बाबा. तळ्याला नाही."

कॅनमधले मासे वर येऊन तोंडं उघडू लागले होते. समोर सुट्या दगडांचा उभा उतार होता. त्याच्या माथ्यामागे एक बिननावाचं तळं आहे, हे मेंढपाळांना माहीत होतं. तिथे वाट जात नाही, म्हणून माणूस जात नाही. बेर्ताला खाली बांधलं आणि आम्ही चढू लागलो. दोन पावलं वर, एक खाली! दगड निसटत होते. श्वास पुरत नव्हता. गुडघे सोलवटले. "हलवा!" लेओनोर ओरडायची, आणि आम्ही पाळणा हलवावा तसा कॅन हलवायचो.

वर काळंभोर पाणी होतं. काठावर पाऊलखूण नाही, बोळा नाही. लेओनोरने दोराला दगड बांधून सोडला. दोर संपला, तळ लागला नाही. हिवाळ्यात हे तळापर्यंत गोठणार नव्हतं. तिने हळूहळू ते पाणी कॅनमध्ये ओतलं, माशांना त्या गारव्याची सवय होऊ दिली आणि मग कॅन कलता केला.

क्षणभर ते काठाशीच थबकले. मग एकाने शेपटी मारली. लाल रेघ चमकली, आणि सगळे आत गेले!

ओनोफ्रेने टोपी काढली. मग पाय एकमेकांवर घट्ट दाबले.

"काय झालं रे?"

"ताई, सकाळची ती कॉफी..."

"खाली! डोंगर उतरेपर्यंत थेंब जरी सांडलास, तर तुलाच दरीत टाकीन!"

तो तसाच उतरला, दात आवळत, बेर्ताच्या मागून. माळावर साबणवाला गळ परजत बसला होता.

"वर मासे मिळतात का हो, आजोबा?"

ओनोफ्रेने त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"मासे?" तो थुंकला. "वर काही नाही, साहेब. नुसत्या मूत चाटणाऱ्या मेंढ्या आहेत. त्याच पाण्यात तोंडं धुतात."

गड्याने तोंड वाकडं केलं आणि गळ गुंडाळून ठेवला.